काट्यावरच्या मराठी ओळी

भुजंग वाटूरचा. घरी शेती, घराण्यात कॉम्प्युटर शिकलेला तो पहिलाच. जालन्यात सायकलच्या दुकानाच्या वर आमचं लहानसं ऑफिस होतं. जिनिंगच्या, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या गिरण्यांच्या, वजनकाट्यांसाठी लागणारं सॉफ्टवेअर आम्ही बनवायचो. कापसाची गाडी काट्यावर चढली की वजन पडद्यावर यायचं आणि पावती निघायची. तो प्रोग्राम मुळात भुजंगनं एकट्यानं लिहिलेला. २००५ साली पुण्याच्या एका कंपनीनं ऑफिस विकत घेतलं, प्रोग्रामची मुख्य प्रत पुण्याच्या सर्व्हरवर गेली, आणि तेव्हापासून भुजंगचा दिवस आमची आणि त्यांची अशा दोन प्रती जुळवण्यात जाऊ लागला.

एकाच फाइलमध्ये पुण्यानं एक ओळ बदलली आणि जालन्यानं दुसरीच, तर सिस्टिम दोन्ही बदल आपोआप एकत्र करते. पण एकच ओळ दोघांनी बदलली की ती अडते. दोन्ही ओळी एकाखाली एक मांडते, वर-खाली बाणांच्या रांगा लावते आणि निर्णय माणसावर सोडते. पुणेकर त्याला कॉन्फ्लिक्ट म्हणायचे. भुजंग म्हणायचा, बांधाचं भांडण. त्यानं आमच्या सगळ्या कॉम्प्युटरवर स्वतः मर्ज टूल, म्हणजे प्रती जुळवायचा प्रोग्राम, बसवलं होतं. डावीकडं आपली प्रत, उजवीकडं त्यांची, आणि मध्ये दोघांनी हात लावायच्या आधीची.

“आधी मधली बघायची,” तो आम्हाला सांगायचा. “भांडणाच्या आधी तिथं काय होतं ते बघितल्याबिगर कोण बराबर हाये ते कळत न्हाई.”

परतूरच्या एका जिनिंगमध्ये काट्यावर चतुराबाई बसायची. आधी तिचा नवरा बसायचा. तो वारल्यावर मालकानं तिला ठेवून घेतलं होतं. ती चौथी शिकलेली, इंग्रजी अक्षरं तिला येत नव्हती. म्हणून भुजंगनं पडद्यावरच्या सगळ्या सूचना मराठीत केल्या, त्याही तिच्याच तोंडच्या शब्दांत. ‘गाडी मधोमध घ्या.’ ‘वजन बराबर न्हाई, परत घ्या.’ ती एकेक अक्षर जोडत मोठ्यानं वाचायची आणि ड्रायव्हर चेष्टा करायचे.

“मावशी, मशीन बोलून राह्यली का तुम्ही?”

“मशीनच माझ्यावाणी बोलून राह्यलं. तू गाडी घे मधी!”

पुढच्या वर्षी हंगामाच्या तोंडावर मालकानं नव्या बनावटीचा काटा बसवला. जुन्या प्रोग्रामला तो वाचता येईना. ती सोय पुण्यानं तयार केलेल्या नव्या प्रोग्राममध्येच होती. भुजंगनं नवी प्रत उतरवून घेतली, तर तिच्यात मराठीची एकही ओळ नव्हती, सगळ्या सूचना इंग्रजीत. त्यानं पुण्याच्या टीमची प्रमुख उमा हिला फोन लावला.

“त्या फाइलमध्ये कचरा होता हो,” उमा म्हणाली. “कसली तरी उलटीसुलटी चिन्हं. आम्हाला वाटलं फाइल खराब झालीय. साफ केली.”

“मॅडम, कचरा न्हाई, मराठी हाये ती. आमचा फॉन्ट टाकला की दिसते.”

“अगंबाई! आणि इथं आम्ही सगळे मराठीच बसलोय.” ती मोकळेपणी हसली. मग म्हणाली, “तुमच्या ओळी परत घाला ना. फक्त दसऱ्याच्या आत मुख्य प्रतीत यायला हव्यात. त्यानंतर तिच्यात असेल तेच सगळीकडं जाणार, वेगळी प्रत कुणालाच द्यायची नाही.”

“मंग मराठीची फाइलच वेगळी करतो. भांडणच नको.”

“आत्ता रचना बदलायला वरून परवानगी नाही, भुजंग. आहे त्याच फाइलमध्ये बसवा.”

त्या फाइलला पुण्यात दिवसभर कुणाचा ना कुणाचा हात लागत असे. भुजंगनं टूल उघडलं तेव्हा ती अडलेल्या ओळींनी वरपासून खालपर्यंत लाल होती. त्यानं ओळ घेतली, मधली बघितली, त्यांचं इंग्रजी वाक्य तसंच ठेवून त्याखाली आपलं मराठी बसवलं. प्रत्येक ओळीला हेच. फाइल पाठवायला मोडेम लावला आणि लाइट गेली. त्या वर्षी आमच्याकडं भारनियमन असं होतं की दिवसा तासभर वीज सलग मिळाली तर लोक एकमेकांना फोन करून सांगायचे. यूपीएसमध्ये तर कॉम्प्युटर नीट बंद करण्याइतकाच दम होता.

लाइट आली तोवर पुण्याची प्रत पुढं गेली होती. तुमची प्रत जुनी झाली आहे, आधी नवी घ्या, असा निरोप पडद्यावर आला. नवी घेतली की पुन्हा सगळं लाल. तो पुन्हा बसायचा, पुन्हा लाइट जायची. संध्याकाळी वीज टिकायची, पण तेव्हा पुण्याचा सर्व्हर बाहेरच्या ऑफिसांना बंद असायचा.

“तुम्ही आमच्या वेळेत पाठवत जा ना,” उमा म्हणाली.

“तुमच्या वेळेत आमच्याकडं लाइट ऱ्हात न्हाई, मॅडम.”

ती वाईट नव्हती. तिनं स्वतःच्या मशीनवर फॉन्ट टाकला, भुजंगची फाइल ईमेलनं मागवली आणि तिकडूनच मुख्य प्रतीत घातली. त्या दिवशी भुजंगनं आम्हा सगळ्यांना चहा पाजला. दुसऱ्या दिवशी उमाच्याच टीममधल्या एकानं, ज्याच्या मशीनवर फॉन्ट नव्हता, ती चिन्हं पाहिली आणि कचरा समजून पुन्हा साफ केली. उमानं फोनवर माफी मागितली. भुजंग “असू द्या” म्हणाला. फाइल एव्हाना आणखी बदलली होती, म्हणून त्यानं पुन्हा टूल उघडलं.

दसरा झाला. परतूरला कापूस यायला लागला आणि नवा प्रोग्राम अजून दिला नव्हता म्हणून काटा बंद. आमचे काकासाहेब, जे आधी ऑफिसचे मालक होते आणि आता तिथंच मॅनेजर, भुजंगच्या खुर्चीमागं येऊन उभे राहिले.

“त्यांचीच प्रत घे आन् देऊन टाक.”

“साहेब, मंग चतुराबाईचं?”

“काटाच चालला न्हाई तर तिचं काय, आन् आपलं तरी काय?”

टूलमध्ये एक बटण होतं: सगळ्या ओळी त्यांच्या घ्या. इतक्या दिवसांत भुजंगनं ते कधी वापरलं नव्हतं. त्यानं ते दाबलं. लाल रंग एकदम गेला. फाइल पाठवली, तर लाइटही गेली नाही आणि पुण्यानं पहिल्याच फटक्यात घेतली.

सीडी घेऊन तो परतूरला गेला, मीही बरोबर होतो. नवा प्रोग्राम सुरू झाला, काट्यावर गाडी चढली आणि पडद्यावर आकडा आला. बाजूला एक वाक्य उमटलं. चतुराबाईनं चष्मा वर-खाली केला.

“भुजंगा, हे काय लिव्हलंय रे? माझ्या ओळी कुठं गेल्या?”

“तिकडच्या घ्याव्या लागल्या, मावशी.”

“आन् दोन्ही ठिवता येत न्हाईत? त्यांच्या बी अन् आपल्या बी?”

“येतात,” भुजंग म्हणाला.

ती पुढचं ऐकायला थांबली. त्यानं सीडी काढून पाकिटात घातली. मागं गाड्यांची रांग लागली होती, हॉर्न वाजत होते. मुनीम आत आला. पडद्याकडं पाहिलं, तिच्याकडं पाहिलं.

“बाई, तुम्ही उद्यापासून कापूस निवडायला बसा. मालकांनी इंग्रजीवाला माणूस बघितलाय.” मग भुजंगकडं वळून म्हणाला, “तुम्ही उद्या थांबा. त्याला बराबर शिकवून जा.”

भुजंग थांबला. नवा माणूस हुशार होता, दुपारपर्यंत सगळं शिकला. काट्याच्या खिडकीतून समोरची शेड दिसत होती. तिथं चतुराबाई बायकांच्या रांगेत बसून कापसातला पालापाचोळा वेचत होती. भुजंगनं खिडकीकडं पाठ करून खुर्ची घेतली आणि पावती कशी काढायची ते त्या माणसाला पुन्हा एकदा दाखवलं.