डी ड्राइव्हमधलं जुनं गाव

मागच्या आठवड्यात आमच्या लातूरच्या स्टुडिओत जे झालं, ते लिहिल्याशिवाय राहवत नाही...

आमचा स्टुडिओ क्लासेसच्या गल्लीत आहे. लग्नाच्या ऑर्डरी कमी, फॉर्मसाठीचे पासपोर्ट फोटो जास्त. सकाळी शटर वर गेलं की पोरं बाहेर उभीच असतात.

आणि बरेच दिवस आमचा कॉम्प्युटर सुरू होताना रोज अडून बसत होता. काळ्या स्क्रीनवर तोच मेसेज... डी ड्राइव्हची तपासणी चालू आहे, नको असेल तर कुठलंही बटण दाबा. मी बटण दाबायचो आणि कामाला लागायचो.

त्या डी ड्राइव्हमध्ये आमचं गाव होतं. भूकंपाच्या आधीचं.

अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, गावात छोटा स्टुडिओ होता. भूकंप झाला त्या रात्री आम्ही लातूरला मामाकडे होतो म्हणून वाचलो. नंतर ढिगाऱ्यातून निगेटिव्हचा पत्र्याचा डबा तेवढा निघाला. लग्नं, बारशी, जत्रा, शाळेचे ग्रुप फोटो...

पुढे मी ते सगळं स्कॅन केलं. एका पावसाळ्यात छत गळून निगेटिव्ह एकमेकांना चिकटल्या, त्या गेल्याच. उरलं ते फक्त कॉम्प्युटरमध्ये. अजूनही गावाकडची माणसं येतात, आपल्या गेलेल्या माणसाचा चेहरा शोधत.

त्या दिवशी दुपारी सुरेखा येणार होती. आमच्याच गावची, आता रेणापूरला दिलेली. भूकंपात तिचे आई-वडील गेले तेव्हा ती जेमतेम चालायला लागली होती. नवं घर बांधलंय, वास्तुशांतीला दोघांचे फोटो लावायचेत. वडिलांचा फोटो नातेवाइकांकडे मिळाला, आईचा कुठेच नाही... असं फोनवर म्हणाली होती.

म्हणून सकाळीच तो फोल्डर उघडला. पहिले काही फोटो दिसले, मग एक अर्धाच उघडला. खालचा भाग नुसता राखाडी. पुढचा उघडेचना.

एका मित्राला फोन केला. तो म्हणाला, "तपासणी पूर्ण चालू दे, नाहीतर एक कमांड देतो, तो मेसेज कायमचा बंद होईल." मी कॉम्प्युटर रीस्टार्ट करायला हात पुढे केला...

"थांबा, काय करून राहिलात?" मागून आवाज आला.

जयश्रीताई. नांदेडला कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतात. मुलीच्या क्लाससाठी वर्षभराची रजा घेऊन इथे खोली करून राहिल्यात. मुलीचा फोटो काढायला आल्या होत्या, आणि बाकावर बसून माझं बोलणं ऐकत होत्या.

"मेसेज बंद केला म्हणून दुखणं जात नाही," त्या म्हणाल्या. "आणि तपासणीही आत्ता नको. डिस्क खराब होत आली असेल तर त्या ताणानं उरलंसुरलं जाईल. आधी कॉपी, मग बाकी सगळं. सगळ्यात महत्त्वाचं काय आहे?"

मी गावाचं सांगितलं. "त्या पहाटे आम्ही नांदेडला पण अंगणात येऊन उभे होतो," एवढंच बोलल्या. मुलीला क्लासला पाठवलं आणि स्वतः खुर्ची ओढून बसल्या.

मी शेजारच्या दुकानातून नवी हार्ड डिस्क आणली. कॉपी सुरू झाली... आणि मध्येच अडकली. परत लावली, परत अडकली. ताईंनी डिस्कच्या तब्येतीचा रिपोर्ट काढला. बराच वेळ बघत राहिल्या.

"डिस्क बरी दिसतेय. माहिती यायच्या वाटेतच गडबड आहे."

कॉम्प्युटर बंद करून आम्ही त्याचा डबा उघडला. काउंटरखाली, येता-जाता पाय लागायच्या जागेवर तो ठेवलेला... आत डिस्कची केबल एका बाजूनं ढिली, पिनांवर धूळ. ताईंनी सीडी ड्राइव्हची चांगली केबल काढून डिस्कला लावली. सुरू होताना परत तो मेसेज आला, बटण दाबलं, कॉपी लावली.

या वेळी अडकली नाही. राखाडी झालेला फोटोही पूर्ण उघडला. सगळं नव्या डिस्कवर आल्यावरच ताईंनी डी ड्राइव्हची तपासणी पूर्ण होऊ दिली. त्यानंतर कॉम्प्युटर सरळ सुरू झाला... अजून होतोय.

सुरेखा आली. अण्णांना वरच्या घरातून खाली आणलं. आता त्यांना कमी दिसतं, पण स्क्रीनला नाक लावून एकेक फोटो बघत होते. एका हळदीच्या फोटोवर थांबले.

"ही बघ, नवरीच्या मागं. वेणू. तुझी माय."

हिरवं लुगडं, मान किंचित वळलेली, कुणाकडे तरी बघून हसणारी. सुरेखा बघतच राहिली. मग हळूच म्हणाली, "कडेवर हे लेकरू कुणाचं हाय, अण्णा?"

"तूच की गं. लई रडकी व्हतीस. खालीच उतरत न्हवतीस."

ती रडली नाही. पदर तोंडाला लावून नुसती बघत होती. शेवटी म्हणाली, "माय वयानं माझ्यापेक्षा बारकी हाय की हो..."

जयश्रीताई उठल्या आणि तिच्याजवळ जाऊन बसल्या.

मी मायलेकींचा फोटो मोठा करून दिला. गावाच्या फोल्डरची आणखी एक कॉपी आता बहिणीकडे ठेवली आहे. तुमच्याकडेही अशी एकुलती एक कॉपी असेल तर आजच दुसरी करा.

जयश्रीताई, त्या दिवशी तुम्ही चहासुद्धा अर्धा टाकून मुलीच्या डब्यासाठी पळालात, नीट आभारही मानता आले नाहीत. आमच्या सगळ्या गावाकडून आज मानतो... जे आहेत त्यांच्याकडून, आणि जे फक्त फोटोत आहेत त्यांच्याकडूनही.