डॉलरमागे तीन रुपये जास्त

आता जे सांगतोय ते माझ्या बायकोलाही ठाऊक नाही, आणि तिला माझ्या पगाराच्या पाकिटापासून दाढदुखीपर्यंत सगळं ठाऊक असतं. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. किंवा आता पोटात ठेवणं जमत नाही म्हणून असेल. कारण राहू द्या.

आधी मी कोण ते सांगतो. शिरूरजवळच्या एका कारखान्यात मी स्टोअर सांभाळायचो. कंपनीनं सत्त्याण्णव साली मला मशीनचे सुटे भाग तपासून घ्यायला बारा दिवस सिंगापूरला पाठवलं. आमच्या वस्तीत विमानात बसलेला मी पहिला माणूस. परत आलो तो डॉलरचा जाणकार होऊनच. आणि जाणकार मी होतो — त्यात खोटं काही नाही. विमानतळावर गरजेपुरतेच पैसे बदला, तिथला भाव बहुतेक वेळा वाईट असतो. 'कमिशन नाही' अशी पाटी दिसली तर समजा, ते भावातच कापलंय. बोर्डावर दोन आकडे असतात, एक त्यांचा घ्यायचा, एक द्यायचा; त्या दोघांत अंतर जितकं जास्त तितका तो माणूस महाग. नोटा कोऱ्या न्या. शंभराच्या नोटेला बरा भाव मिळतो, पाच-दहाच्या नोटांना कमी. झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेन. कुणी परदेशी निघालं की शिरूरपासून कोरेगाव भीमापर्यंतची माणसं माझ्याकडे यायची. मला ते आवडायचं. कुणाला आवडणार नाही?

२००३ च्या सुरुवातीला आम्ही श्रीलंकेला निघालो. शिरूर आणि दौंडची मिळून एकोणीस माणसं, सोबत एक भन्ते. अनुराधपुरचा बोधिवृक्ष पाहायचा, कँडीला बुद्धांचा दात जपलेलं दंतमंदिर पाहायचं, असा बेत. बहुतेकांनी दोन-तीन वर्षं पैसे साठवले होते. दौंडला चेन्नईच्या गाडीत बसलो, आणि चेन्नई येईपर्यंत मी माझं डॉलरपुराण लावलं. तिकडचा रुपया वेगळा, डॉलर मोडताना कुठं फसतात, मी कसा फसत नाही. मंडळी ऐकत होती. बोलता बोलता मी म्हणून बसलो, की बँक जो भाव देईल त्यापेक्षा डॉलरमागे दोन-तीन रुपये जास्त आणले नाहीत तर नावाचा अशोक नाही.

त्या डब्यात माझ्यासमोर मुरलीमामा बसले होते. मुरलीमामा दौंडचे, रेल्वेत फिटर होते, वर्षापूर्वीच निवृत्त झालेले. बुटके, कमी बोलणारे, हाताची बोटं जाड आणि काळी पडलेली. शेजारी त्यांची बायको, सोजरमावशी. मामांच्या बनियनला आतून शिवलेल्या खिशात अडीचशे डॉलर होते. ते त्यांचे नव्हते. दौंडमधल्या त्यांच्या वस्तीत नवं विहार बांधलं होतं, आणि मूर्ती श्रीलंकेहून आणायची असं ठरलं होतं. घरटी वर्गणी निघाली. भांडी घासणाऱ्या बायकांनी दिली, हमालांनी दिली. आणि ते पैसे कुणाच्या हातात द्यायचे यावर म्हणे चर्चासुद्धा झाली नाही. सगळ्यांनी मामांचं नाव घेतलं.

कोलंबोत पहिल्या सकाळी प्रत्येकानं खर्चासाठी वीस-वीस डॉलर माझ्याकडे दिले. मी ऐटीत निघालो. तीन ठिकाणी फिरलो, बोर्ड वाचले. भाव सगळीकडे जवळपास सारखाच. जास्तीचा भाव म्हणून काही नव्हतंच. उन्हात दोन तास पायपीट केली, शेवटी साध्या बँकेत, रांगेत उभा राहून, बँकेच्या भावानं डॉलर मोडले.

आणि मग — इथंच ते झालं. परत जाऊन काय सांगणार होतो? बँकेचाच भाव मिळाला म्हणून? मी माझ्या स्वतःच्या पाकिटातले बारा डॉलर काढले, मोडले, आणि त्यांचे रुपये सगळ्यांच्या पैशांत मिसळले. डॉलरमागे बरोबर तीन रुपये जास्त झाले. धर्मशाळेत येऊन वाटले. लोक खूश. भन्तेसुद्धा हसले. कुणीतरी विचारलं, कुठं मिळाला एवढा भाव? तोंडाला आलं ते बोललो. एक सोनार आहे, ओळखीच्या माणसालाच देतो.

तुम्ही म्हणाल, यात कुणाचं काय गेलं? माझेच बारा डॉलर. मीही बरीच वर्षं स्वतःला हेच सांगायचो.

कँडीला पोचलो आणि मी पुन्हा तेच केलं. या वेळी रक्कम लहान होती, माझे पाच-सहा डॉलर गेले. सोनार म्हणे इथंही आहे, कोलंबोच्या सोनाराचा मेहुणा. बाजारामागे, दुसऱ्या गल्लीत, निळ्या दाराचं दुकान. निळं दार कशासाठी जोडलं? ऐकणाऱ्याला खरं वाटावं म्हणून. दुसरं काय?

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी मामा माझ्याजवळ येऊन बसले. त्यांनी मूर्ती पाहून ठेवली होती, पितळेची, ध्यानमुद्रेतली. पण जी मनात भरली होती ती थोडक्यात हुकत होती. बँकेच्या भावानं पैसे कमी पडत होते. मी आणलेल्या भावानं बरोबर बसत होते. त्यांनी पाठीमागे हिशेब लिहिलेला कागद दाखवला, आणि मला त्या सोनाराकडे बरोबर चला म्हणाले.

मी काय म्हणायला हवं होतं ते तुम्हाला कळतंय. मामा, सोनार-बिनार कुणी नाही, बँकेत चला. एवढंच. फार तर त्यांनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं असतं. कमी पडत होते ते पैसे मीसुद्धा घालू शकलो असतो, ते काही फार नव्हते.

मी म्हणालो, माझं पोट बिघडलंय, मला चालवत नाही. आणि मग — त्यांना वाट सांगितली. बाजार संपला की डावीकडे, दुसरी गल्ली, निळं दार. मी नीट, सावकाश सांगितलं, आणि त्यांनी ते बोटावर मोजत पाठ केलं.

मला वाटलं होतं दुकान सापडणार नाही, ते दमून परत येतील, मी म्हणेन आज बंद असेल, आणि बँकेत जाऊ. खरंच हेच वाटलं होतं. पण हे सांगून मी काय कमी करतोय?

मामा दुपारी आले. पायऱ्यांवर बसले, चपला काढल्या नाहीत. सोजरमावशी पाणी घेऊन गेली तर त्यांनी पिशवीतून रबर लावलेलं एक पुडकं काढून तिच्या हातात दिलं. वर एक खरी नोट, खाली एक खरी नोट, मध्ये नोटांच्या मापाचे कापलेले कागद.

झालं होतं असं. मामा त्या गल्लीत चार वेळा वर-खाली फिरले. दर दाराकडे बघत. एका गोड बोलणाऱ्या माणसानं विचारलं, काय शोधताय? मामांनी रेल्वेतल्या हिंदीत सांगितलं, निळं दार, सोनार, डॉलर. तो म्हणाला, मी त्याचाच माणूस. बोळात नेलं, समोर पैसे मोजून दाखवले, भाव मी सांगितला होता तेवढाच दिला. मग पोलीस आले म्हणून घाई केली, पुडकं हातात कोंबलं आणि गेला.

आमची माणसं गोळा झाली. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. आणि मी — सगळ्यांसमोर, मोठ्या आवाजात — म्हणालो, "मामा, मी सांगितलेल्या दुकानात तुम्ही गेलाच नाही. रस्त्यावरच्या माणसाच्या हातात पैसे द्यायचे असतात का?"

मामा म्हणाले, "व्हय. चुकलं माझं."

भन्तेंनी सुचवलं, त्या सोनाराला जाऊन विचारू, तो चोर त्याच्या माहितीतला असेल. नाहीतर पोलिसांत तरी जाऊ. मी सांगितलं, बँकेबाहेर डॉलर मोडणं गुन्हा आहे, पोलीस आपल्यालाच बसवून ठेवतील, परतीचं विमान चुकेल. माणसं घाबरली. तक्रार झाली नाही. म्हणजे पैसे परत मिळण्याची जी काही थोडीफार आशा होती, तीही मीच घालवली.

सोजरमावशी उरलेले सगळे दिवस खोलीत बसून होती. अनुराधपुरला बोधिवृक्षापाशी मामा सगळ्यांच्या मागे उभे राहिले. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं, आणि ते जमलं.

दौंडला परतल्यावर मामांनी विहारात वस्ती गोळा केली आणि उभं राहून जे झालं ते जसंच्या तसं सांगितलं. "मला जास्त भावाचा लोभ सुटला, मी फसलो," असं. कुणाचंही नाव घेतलं नाही, माझंही नाही. मग स्वतःच्या निवृत्तीच्या फंडाच्या पैशांतून पुण्याहून संगमरवरी मूर्ती आणली. ती बसवली त्या दिवशी मला पाहुणा म्हणून बोलावलं. मी गेलो. शाल घेतली. दोन शब्द बोला म्हणाले, तर परदेशात पैसे कसे बदलावेत यावर बोललो, आणि हसत हसत म्हणालो, आमच्या मामांसारखं करू नका. लोक हसले. पुढच्या रांगेत बसलेले मामाही हसले.

आणि ते वाक्य मग माझ्या तोंडातच बसलं. कुणी दुबईला निघो, कुणी मलेशियाला, मी सगळे नियम सांगायचो आणि शेवटी दौंडच्या एका मामांची गोष्ट सांगायचो. किती जणांना सांगितली असेल? मोजली नाही. गोष्ट सांगताना मी ती रंगवायलाही लागलो होतो.

हे इथंच संपलं असतं तरी पुरे होतं. पण चार वर्षांनी मामा स्वतः शिरूरला माझ्या घरी आले. बरोबर त्यांची धाकटी मुलगी, रेखा. ती नर्स झाली होती, मस्कतला नोकरी लागली होती. बापानं तिला माझ्याकडे आणलं होतं — भाव शिकायला. मी तासभर सांगितलं. तिनं वहीत उतरवून घेतलं. चांगलं सांगितलं मी, अगदी मनापासून. शेवटची ती गोष्ट मात्र त्या दिवशी सांगितली नाही.

उठताना मामा थांबले. म्हणाले, "अशोकराव, येक इचारू का? ते दुकान मला कसं घावलं न्हाई? लई हिंडलो हो त्या गल्लीत. निळं दार कुठंच न्हवतं."

घरात आम्ही तिघंच होतो. बायको बाजारात गेली होती. मामांच्या आवाजात तक्रार नव्हती. चार वर्षं एक माणूस मनातल्या मनात एका गल्लीत फिरत होता, आणि त्याला फक्त आपलं कुठं चुकलं ते समजून घ्यायचं होतं. खरं सांगायला इतकी सोपी वेळ मला पुन्हा मिळणार नव्हती.

मी म्हणालो, "तुम्ही एक गल्ली आधी वळला असाल, मामा."

त्यांनी थोडा विचार केला, मान हलवली. "तसंच आसंल," म्हणाले. मग मुलीकडे वळून म्हणाले, "बघ, नीट ऐकून न घेतल्यावर आसं व्हतं."

ती दोघं कोपऱ्यावर वळेपर्यंत मी दारात उभा होतो.

आता मामा पंचाहत्तरीच्या आसपास असतील. सोजरमावशी मागच्या वर्षी गेली. मी भेटायला गेलो नाही. रेखा अजून मस्कतला आहे, सणावाराला मला फोन करते, काका म्हणते, आजचा रियालचा भाव विचारते. मी सांगतो. बरोबर सांगतो.

शिरूरहून दौंडला एसटी जाते. दोन तास लागतात. मी गेलेलो नाही.