ब्रेक आधी सुटतो

मानवी मेंदू ही निसर्गाची सर्वोच्च निर्मिती आहे आणि स्वतःला आवरण्याची शक्ती हे त्या मेंदूचं सर्वोच्च वैभव आहे. सत्तरच्या दशकात मी सांगलीच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचो, तेव्हा वर्षाचा पहिला तास याच वाक्याने सुरू करायचो. दुसऱ्या तासाला बेडूक असायचा.

हे वैभव आमच्या घरात सर्वांत जास्त माझ्या काकांकडे होतं. काका फौजेत गाड्या दुरुस्त करायचे. हवालदार होऊन, पेन्शन घेऊन फलटणजवळच्या आमच्या गावी परतले. गोळ्यांच्या आवाजात ट्रकखाली पडून गिअरबॉक्स उतरवलेला हा माणूस माझ्या वडिलांसमोर, म्हणजे थोरल्या भावासमोर, कधी खुर्चीवर बसला नाही. आमच्याकडे धाकट्याने थोरल्यापुढे फक्त हो म्हणायचं असतं. वडिलांनी ठरवून टाकलं होतं, भाऊ आलाय, आता ऊस तो बघेल. काकांना मात्र सांगलीजवळच्या कुपवाडच्या एका कारखान्यात फिटरची नोकरी मिळाली होती आणि सोमवारी हजर व्हायचं होतं. शनिवार उजाडला तरी वडिलांना सांगायचं राहिलंच होतं.

मी सुट्टीसाठी गावी होतो. दुपारी काकांनी मला विहिरीवरच्या इंजिनघरात बोलावलं. पंपाच्या शेजारी फौजी कॅन्टीनची रम होती.

"मास्तर, तू मेंदूचं शिकवतोस. ही घेतल्यावर माणूस बोलतोय ते कशानं रं?"

मी तासाला सांगायचो तेच सांगितलं. दारू जोर देत नाही, गुंगी आणते. फक्त मेंदूतला आवर घालणारा भाग सगळ्यांत आधी पेंगायला लागतो. बारीक तपशील मला पुष्कळ वर्षांनी वाचायला मिळाला. मेंदूच्या पेशींवर गाबा नावाच्या रसायनासाठी छोटे दरवाजे असतात. गाबा येऊन टेकला की दरवाजा उघडतो आणि पेशी शांत होते. दारूमुळे त्या दरवाजांवर गाबाचा जोर वाढतो. म्हणजे ज्याला आपण चढणं म्हणतो, ते खरं तर विझत जाणं असतं. हे त्या दिवशी माहीत असतं तरी काही फरक पडला नसता.

"म्हंजे आधी ब्रेक जातोय," काका म्हणाले.

"हो."

"मग?"

"मग स्टिअरिंग. शेवटी इंजिन."

"ब्रेक सुटंल पर स्टेरिंग ऱ्हाईल, असं माप किती?"

याचं उत्तर मला माहीत नव्हतं. पण शिक्षकाला गप्प बसवत नाही. मी म्हणालो, "अर्धा कप."

अर्धा कप घेऊन काकांनी पंपालाच थोरला भाऊ मानलं आणि त्याच्यापुढे तालीम केली. "दादा, मला उसातलं काय कळत न्हाई. सोमवारी मी कुपवाडला जातोय." तीन वेळा म्हटलं, तिन्ही वेळा स्वच्छ. पंपाने ऐकून घेतलं.

अडचण अशी झाली की वडील फलटणला गेले होते आणि परतीची एसटी दोन तास उशिरा आली. तोवर केलेली तयारी उतरू नये म्हणून काका थोड्या थोड्या वेळाने भर घालत राहिले. फौजेत टाकी अर्धी ठेवायची सवय नसते.

वडील ओसरीवर बसून वहाणा काढत होते, तेवढ्यात काका समोर सावधानमध्ये उभे राहिले.

"दादा," ते म्हणाले आणि त्यांचे डोळे भरून आले. "वढ्याला पानी आलं की तुमी मला खांद्यावर घिऊन शाळंत न्हेत हुता. मी हितनं हलत न्हाई. सगळा ऊस मीच बघतो. गुऱ्हाळ बी घालतो."

ब्रेक सुटतो हे मी बरोबर सांगितलं होतं. ब्रेकमागे काय उभं आहे, ते मी पाहिलं नव्हतं.

वडिलांनी शेवटपर्यंत ऐकलं. "बरं," ते म्हणाले. "जेव आन् पड जरा."

सकाळी काका डोकं धरून बसले होते. दिलेला शब्द आता मोडता येणार नव्हता. वडील दात घासत आले.

"सांगलीची यष्टी कवा हाय रं? उद्या हजर व्हायचं तर आजच निघाय पायजे."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. मी सांगितलं नव्हतं.

काका गेल्यावर मी वडिलांना विचारलं. त्यांना आठ दिवसांपासून माहीत होतं. धाकट्याने तोंड उघडायच्या आधी थोरल्याने परवानगी देणं बरं दिसत नाही, म्हणून ते थांबले होते. सांगितलं होतं काकूने. थोरल्या दिरांशी ती जन्मात एक शब्द बोलली नव्हती, त्यामुळे धार काढताना तिने म्हशीला सांगितलं होतं, ओसरीपर्यंत ऐकू जाईल अशा बेताने. "बाई, सोमवारी आमाला कुपवाडला हजर व्हायचंय. थोरल्यास्नी तेवढं सांगायचं ऱ्हायलंय."

पहिल्यांदा वडील पेपर वाचत होते, म्हणून तिने ते दोनदा सांगितलं.

म्हैस तेव्हा सकाळी चार लिटर दूध द्यायची, त्यामुळे दोनदा सांगायला वेळ पुरला.