दगडफुलाची डावी कड

ती शाम्पूची सगळ्यात लहान बाटली घ्यायची. पुस्तकं खोक्यातच ठेवायची. हवं ते उपसायचं, वाचायचं, परत तिथेच खुपसायचं. फोन पालथा ठेवायची आणि थोड्या थोड्या वेळाने उलटून बघायची. रस्त्याने जाताना माणसांकडे नाही, भिंतींकडे बघायची. गळ्यात भिंग असायचं. एकदा ते काढायला विसरून लग्नाला गेली. आईचा फोन आला की आईने काही विचारायच्या आत सांगून टाकायची, "सगळं छान चाललंय."

आम्ही दोघी एकाच घरात भाड्याने राहतो. मी नुकतीच साहित्य शिकून बाहेर पडलेली. ती माझ्याहून बरीच मोठी, डॉक्टरेट झालेली संशोधक. दगडांवर करडे-पिवळे पापुद्रे वाढतात, त्या दगडफुलांवर तिचं काम. म्हणून आम्ही तिलाच दगडफूल म्हणायचो. तिचा भाऊ म्हणायचा, "आमच्या ताईला कायमची नोकरी लागेपर्यंत दगडालाही पालवी फुटेल."

"हे वर्षात किती वाढतं गं?" मी एकदा विचारलं.

"नखाएवढंही नाही."

"आणि तुझी नेमणूक?"

"दोन वर्षांची." मग स्वतःच हसली. "त्याला सांगून पाहिलं, जरा उरक म्हणून. ऐकत नाही."

अशा नेमणुकांपायी तिने शहरांमागून शहरं बदलली होती. "एका मुलाखतीत विचारलं, तुम्ही एका जागी टिकत का नाही? दुसरीकडे विचारलं, इथेच मुदतवाढ घेत का बसलात, बाहेरचा अनुभव कुठाय? उत्तर दोन्हीकडे एकच होतं. जिथे ठेवलं तिथे राहिले."

इथली मुदत या महिनाअखेरीस संपणार होती. मध्यंतरी एक दिवस ती उजळलेल्या चेहऱ्याने घरी आली.

"प्रयोगशाळेच्या सरांना विचारलं मुदतवाढीचं. 'बघू' म्हणाले."

"म्हणजे?"

"म्हणजे हो! नाही म्हणायचं असतं तर नाही म्हणाले असते."

"अगं, तोंडावर 'नाही' कोण म्हणतं? 'बघू'च म्हणतात."

"तू कविता वाच, कवयित्रीबाई."

दुसऱ्या एका शहरात हवा तपासणाऱ्या खात्यात तिने अर्ज केला होता. कायमची जागा. दगडफुलं बघून हवा कशी आहे ते सांगायचं. यादीत ती दुसरी आली होती. पण सरांच्या त्या 'बघू'वर विसंबून तिने तिकडे पुन्हा चौकशी केली नाही.

मग हळूहळू भीती शिरली. प्रयोगशाळेतलं तिचं टेबल नव्या विद्यार्थ्याला दिलं गेलं. पुढच्या महिन्याच्या व्याख्यानांतून तिचं नाव गळलं. ती समोरून येताना दिसली की सर जिन्याकडे वळू लागले. भीती कसली वाटते, असं मी विचारलं. ती म्हणाली, "या वयात पुन्हा कुठेतरी 'नवीन आलेली' होण्याची. आणि कुठेच न होण्याची."

परवा दुपारी मी तिच्याबरोबर जुन्या पुलापाशी गेले होते. पुलाच्या दगडी कठड्यावर एक मोठं दगडफूल आहे. दर वर्षी ती त्यावर पारदर्शक कागद ठेवून त्याची कड गिरवते. हे काम कुठल्याच नेमणुकीतलं नाही. विद्यार्थिनी असताना सुरू केलं आणि कुठेही राहत असली तरी त्यासाठी इथे यायची. मी कागद दाबून धरला होता. ती श्वास रोखून बारीक पेनाने रेघ ओढत होती. फोन वाजला. हात गुंतलेले, म्हणून तिने स्पीकर लावला.

हवेच्या खात्यातली बाई बोलत होती. "पहिले निवडलेले गृहस्थ येत नाहीयेत. तुम्ही येताय का? आत्ताच सांगा, साहेब समोर बसलेत."

मी जोरजोरात मान हलवली. तिचं पेन होतं तिथेच टेकून राहिलं. मग तिच्या तोंडून आलं, "बघू."

"बरं. नाही तर नाही." फोन बंद.

ती माझ्याकडे बघत राहिली. "मी नाही म्हटलंच नाही! मला फक्त श्वास घ्यायचा होता गं."

तिने फोन लावला. व्यस्त. पुन्हा लावला. व्यस्त.

"यादीतल्या तिसऱ्याला लावतायत," ती म्हणाली. "हे धर." पेन माझ्या हातात कोंबून ती रस्त्याकडे धावली.

"अगं, कपडे? कागदपत्रं?"

"राहू दे!"

समोरून आलेली बस तिने हात करून थांबवली. चिखलाच्या बुटांनीच चढली.

संध्याकाळी निरोप आला: "पोचले. ऑफिस बंद झालंय. साहेब उद्या भेटतील म्हणे, भेटले तर." त्यानंतर काही नाही. काल दिवसभर तिचा फोन वाजत राहिला, कुणी उचलला नाही. तिच्या आईचा मला आला. "काय झालंय तिला? खरं सांग."

"कामासाठी बाहेरगावी गेलीय, काकू," मी म्हटलं.

आज सकाळी कागद घेऊन पुलावर गेले. रेघ वरून सुरू होते, उजवीकडून खाली येते, एका खाचेत शिरते आणि थांबते. पेन टेकलं होतं तिथे शाईचा ठिपका पसरलाय. मी कागद दगडफुलावर ठेवून पाहिला. थोडा इकडे, थोडा तिकडे. रेघ कडेवर नीट बसेना. पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं.

डावी कड राहिली आहे.