मोटर भरणारी

"दुसरा पीस दाखवा. हा हिच्या अंगाला लागला."

गोंदियाच्या एका कापड दुकानात मी कामाला होते, गिऱ्हाईक बाईंना दाखवायला साडी खांद्यावर टाकून उभी होते. बाईंनी आधी सहज विचारावं तसं माझं आडनाव विचारलं. मी सांगितलं. आम्ही बौद्ध, आमच्या घरात कोणी आडनाव लपवत नाही. शेठनी साडी माझ्या खांद्यावरून ओढली. म्हणाले, "तू अंदर जा." दुपारभर मी गोदामात घड्या घातल्या.  दुसऱ्या दिवशी गेलेच नाही.

मग दवाखान्यात चिठ्ठ्या लिहायला लागले. झाडणारी बाई आली नाही की झाडू माझ्याच हातात. सोडलं. मग खासगी शाळा, पहिलीचा वर्ग. मुलांचे डबे उघडून द्यायला मला मनाई. तेही सोडलं. आमच्या सालेकशाहून रोज पॅसेंजरनं गोंदियाला जायचं आणि दर काही महिन्यांनी नवं दार ठोठावायचं. बाबा चिडत.

"एका जागी काऊन टिकत नाही तू?"

काय सांगणार? अपमान होताच, पण त्यातलं एकही काम मला माझं वाटलं नव्हतं. जीव सारखा उठून पळायला बघायचा.

२००८ साली मोटर वाइंडिंगच्या दुकानात फोन उचलायला लागले. दुकानाचे मालक, उस्ताद, जळालेली मोटर उघडत, काळी तार उपसत, नवी तांब्याची तार भरत. मी फोन सोडून तेच बघायचे. एक दिवस म्हटलं, "मले शिकवा." ते हसले, पण शिकवलं. मी भरलेली पहिली मोटर फिरली, तेव्हा अंगावर काटा आला. घरी जेवतानाही बोटं तारेचे फेरे मोजत होती.

दोन वर्षांनी आम्ही एका बड्या शेतकऱ्याच्या वाडीवर गेलो. पंप बंद होता. मी पाने-पकडी घेऊन विहिरीकडे निघाले. मालकानं अडवलं.

"कोणाची पोरगी तू?"

मी बाबांचं नाव सांगितलं, वस्ती सांगितली. तो उस्तादांकडे वळला.

"इले विहिरीजवळ येऊ देऊ नको."

उस्ताद खाली बघत राहिले.  पण या वेळी मी तोंड उघडलं.

"मागच्या उन्हाळ्यात हे मोटर मीच भरली. सालभर तेच पाणी पिऊन राहिले तुम्ही."

तो ओरडला. उस्तादांनी मला बाजूला नेलं.

"माफी माँग ले, बेटी. बड़ा गिऱ्हाईक है."

"नाही मागत."

"तो कल से मत आना."

मी पाने त्यांच्या हातात दिले आणि स्टेशनपर्यंत चालत आले. गाडीत रडले. त्या मालकामुळे नाही. ज्यानं शिकवलं त्यानंच हात सोडला, म्हणून. रडून झाल्यावर एक गोष्ट लख्ख दिसली. दरवेळी अपमान त्यांनी केला. याआधी दरवेळी काम मी सोडलं.

सकाळी बाबांनी विचारलं, "आता कोणतं काम पायतं?"

"काम सापडलं, बाबा. आता जागा पायतो."

सालेकशाच्या रस्त्याकडेला टेबल टाकीन. उठवलं तर पुढे टाकीन. तिथूनही उठवलं तर आणखी पुढे. मोटर भरणं सोडणार नाही.