तळहाताचा चटका

ज्वालामुखीच्या बेटावरची दिवसभराची सहल होती. प्रत्येक थांब्यावर आमचा म्हातारा वाटाड्या आधी एकटा उतरायचा, जमिनीवर तळहात टेकवायचा आणि मगच आम्हाला उतरू द्यायचा. तिसऱ्या थांब्यावर त्याने हात झटकन मागे घेतला आणि बस फिरवायला सांगितली.

"फलकावर तर 'सुरक्षित' लिहिलंय! घाबरट आहे म्हातारा," मागून कुणीतरी कुरकुरलं.

भीती आधी हाताला कळते. डोक्याला ती पटेपर्यंत फार उशीर होतो. साखर कारखान्यात माझ्या हाताखाली बॉयलरवर असलेला गणपत एकदा असाच हात लावून आला होता. "साहेब, आजचा चटका वेगळा आहे. बंद करू या." मीटर ठीक आहे, असं सांगून मी त्याला परत पाठवलं. स्फोटात तो गेला. चौकशीत मी लिहून दिलं, तो कामावर झोपला होता.

बाहेर काळ्या दगडांतून वाफ येत होती. हे न सांगताच मरेन, या धास्तीने मी शेजारी बसलेल्या बायकोला म्हणालो, "गणपत जागा होता. त्याने मला सांगितलं होतं."

तिने माझ्या हातातला हात काढून घेतला.

"अहो, दर संक्रांतीला त्याची बायको तिळगूळ घेऊन येते आणि त्याच्या चुकीची माफी मागते. आणि मी तिला माफ करत आले."