वधुपित्याचे दोन शब्द

मुलीच्या लग्नात मी एका दिवंगत माणसाला माईकवरून स्टेजवर बोलावलं, आणि तरीही ते माझ्या भाषणातलं सगळ्यात वाईट वाक्य नव्हतं.

लोणावळ्याजवळ, कुसगावच्या एका हॉटेलात मी गेली सव्वीस वर्षं रिसेप्शनला आहे. माझी सायली जन्मली एकतीस डिसेंबरला. त्या दिवशी लोणावळ्यात मुंगीला शिरायला जागा नसते, मग मला रजा कुठली! दुनियेच्या पोरांचे केक मी हसतमुखाने कापून घेतले. स्वतःच्या पोरीच्या वाढदिवसाला मात्र एकदाही घरी नव्हतो. ते मला फार खुपायचं. म्हणून ठरवलं, लग्नात चार लोकांसमोर म्हणायचं, "सायली, चुकलं माझं." बस्स, चार ओळी लिहिल्या.

त्या वाचायला दिल्या थोरल्या भावाला. दादा गावी, इंदुरीला शेती करतो.

"ह्यात नावं कुटंयत?" दादाने कागद उलटापालटा केला.

"कसली नावं?"

"आरं, पावन्यांची! नाव घेतलं न्हाई तर मानूस न जेवता जातोय. लय रुसत्यात!"

"पण दादा, मला सायलीबद्दल..."

"ती घरचीच हाय, ती कुटं रुसती?"

आणि दादाने ट्रंकेतून स्वतःच्या मुलीच्या लग्नातली यादी काढली. बारा वर्षांपूर्वीची, तीन पानी! "घे, तयार माल हाय. नुसता वाचायचा." मीही घेतली. (आयतं मिळालं की आमच्या घराण्यात कुणी तपासून बघत नाही.) माझ्या चार ओळी चौथ्या पानावर गेल्या.

लग्नाच्या दिवशी मुहूर्ताला वीस मिनिटं असताना मी माईक हातात घेतला. एकेक नाव, एकेक नारळ, एकेक टोपी! मी असा काही रंगलो की दुसऱ्या पानावर थेट गर्जना केली, "आमचे मार्गदर्शक, तुकारामआबा, यांनी स्टेजवर यावं!"

कुणी उठेना. मला वाटलं, म्हातारा लाजतोय.

"आबा, लाजायचं नाही! या, या! आबांसाठी जोरदार टाळ्या!"

टाळ्या अर्ध्यातच विरल्या. दादाने मागून माझा कोट ओढला.

"आरं, आबा जाऊन दोन वर्सं झाली! तू मातीला आलतास की!"

मला दरदरून घाम फुटला. तेवढ्यात पुढच्या रांगेतून आबांचा मुलगा रघू उठला. आता हा माझी गचांडी धरणार, या तयारीने मी डोळे मिटले. पण त्याने नारळ घेतला, कपाळाला लावला आणि म्हणाला, "आबांना लय बरं वाटलं आसतं, भाऊ."

मी त्याला टोपी घातली. उरलेली नावं कशीबशी वाचली. तोवर गुरुजी ओरडले, "वधुपिता, दोन मिनिटं राहिली!" चौथं पान काढलं, तर चष्मा ओला आणि अक्षरं सगळी एकमेकांत मिसळलेली. समोर मुंडावळ्या बांधून सायली उभी. काहीतरी बोलायलाच हवं होतं. डोकं बंद पडलं आणि सव्वीस वर्षांची जीभ आपोआप सुरू झाली.

"आपला आमच्याकडचा मुक्काम सुखाचा झाला असेल, अशी आशा करतो. सेवेत काही कमी राहिलं असेल तर क्षमा असावी. पुन्हा अवश्य या!"

अख्खा मांडव हशाने फुटला! व्याही मांडीवर थाप मारून हसत होते. बायकोने पदरात तोंड लपवलं. सायलीही हसत होती, आणि हसता हसता डोळे पुसत होती. गुरुजींनी माझ्या हातातला माईक जवळजवळ हिसकावून मंगलाष्टकं सुरू केली. सव्वीस वर्षं मनात ठेवलेलं एक वाक्य, तेही मला धड बोलता आलं नाही.

पाठवणीच्या वेळी गाडीपाशी सायलीने मला बाजूला घेतलं.

"बाबा, ते कमी राहिलं म्हणालात, ते एकतीस तारखेचं ना?"

"तुला कसं कळलं?"

"एक तारखेला सकाळी तुम्ही घरी येऊन बुटांसकट आडवे व्हायचात. बूट मीच काढायचे. तुम्हाला इतकं दमलेलं बघून रुसायचं राहूनच जायचं, बाबा."

मग मात्र माझा बांध फुटला. मी गाडीचं दार धरून रडलो, मग सीटवर बसून रडलो, मग जावयाच्या खांद्यावर डोकं ठेवून रडलो. ड्रायव्हरने नम्रपणे मागे वळून विचारलं, "काका, तुम्ही पण येणार का?"

"अहो, उतरा!" बायको काचेवर थापा मारत होती. "आपली मुलगी बाहेर उभी आहे!"

सायली नंतर शहाण्यासारखी गाडीत बसली. मला उतरवायला मात्र जावयासकट तिघं लागले!